रुळावरचा शिक्का आणि मतदान यंत्रातील आज्ञावली

भिलाईच्या पोलाद कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुळाच्या अंगावर त्याची जन्मपत्रिका असते. कारखान्याची खूण, पोलादाची प्रत, रुळाच्या छेदाचे माप, महिना आणि वर्ष ही अक्षरे रूळ लाटला जात असतानाच त्यावर उठवली जातात. पोलाद भट्टीतल्या कोणत्या घाण्यातून आले, त्याचा क्रमांक रूळ लाल असतानाच ठोकला जातो. वीस वर्षांनी एखाद्या आडवळणाच्या स्थानकाजवळ रुळाला तडा गेला, तर त्या क्रमांकावरून मागे मागे जात थेट त्या दिवसाच्या भट्टीपर्यंत पोहोचता येते. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि तेव्हापासून नोंद हा या गावाचा स्वभावच झाला.

संगणकाच्या आज्ञावलीला अशी जन्मपत्रिका मिळायला थोडा वेळ लागला. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मार्क रॉचकिंड यांनी 'एससीसीएस' नावाची एक व्यवस्था लिहिली. आज्ञावलीतील प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि त्याआधी काय होते, हे ती जपून ठेवी. आज व्हर्जन कंट्रोल म्हणतात ती हीच कल्पना. पुढे 'आरसीएस', 'सीव्हीएस', 'सबव्हर्जन' अशा पिढ्या आल्या. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिले, आणि तेही एका भांडणातून. लिनक्सचे काम 'बिटकीपर' नावाच्या खासगी साधनावर चालत होते. त्याच्या आतील रचनेचा कोणी शोध घेऊ लागले म्हणून कंपनीने मोफत वापराची मुभा काढून घेतली आणि जगभर विखुरलेले लिनक्सचे प्रोग्रामर एका रात्रीत आधाराविना उरले.

गिटची खरी ताकद त्याच्या हॅशमध्ये आहे. प्रत्येक नोंदीवर तिच्या मजकुरातून गणिताने काढलेला एक ठसा असतो, आणि त्या ठशात आधीच्या नोंदीचा ठसाही मिसळलेला असतो. जुन्या नोंदीत एका स्वल्पविरामाचा फरक केला तरी तिथून पुढचे सारे ठसे बदलतात. लबाडी करता येते, पण ती दिसते. गिटने निवडलेली 'शा-१' ही ठसापद्धत अभेद्य नाही, हे २०१७ मध्ये गूगल आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले आणि अधिक पक्क्या पद्धतीकडे जाण्याचे काम सुरू झाले. तत्त्व मात्र टिकले.

या तत्त्वावर वाढलेल्या प्रोग्रामरांच्या पिढीचे निवडणुकीविषयीचे मत चहाच्या टपरीवर सहज ऐकू येते: मतदान यंत्राचा सोर्स कोड खुला करा, गिटवर ठेवा, प्रत्येक बदल जगाला दिसू द्या, वाद आपोआप मिटेल. हे मत अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे का चुकते, ते या यंत्राच्या इतिहासात दडले आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा पुन्हा भिलाईलाच येऊन मिळतो.

भिलाईची आयआयटी २०१६ साली सुरू झाली, तीही भिलाईत नव्हे, तर रायपूरजवळच्या सेजबहार येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात. तिचे स्वतःचे संकुल दुर्ग जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे उभे राहिले आणि २० फेब्रुवारी २०२४ रोजी त्याचे उद्घाटन झाले. २०१७ ते २०२२ या काळात तिचे संचालक होते प्राध्यापक रजत मूना. त्याआधी ते सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेचे महासंचालक होते. त्याही आधी, आयआयटी कानपूर येथे असताना, चिप असलेल्या वाहन परवान्यासाठी 'स्कोस्टा' ही कार्डप्रणाली घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. वाचणाऱ्या यंत्राला आपले गुपित न सांगता आपण खरे आहोत हे पटवून देणारे कार्ड, असा तो विषय. निवडणूक आयोगाच्या तांत्रिक तज्ज्ञ समितीत मूना होते. आयआयटी मुंबईचे दिनेश शर्मा आणि आयआयटी दिल्लीचे डी. टी. शहानी हेही त्या समितीत होते. मतदान यंत्र कसे असावे यावर देशात जी थोडी माणसे अधिकृतपणे मत देऊ शकत होती, त्यांतील एक काही वर्षे भिलाईच्या संस्थेचे प्रमुख होते.

यंत्राची कल्पना मात्र बरीच जुनी. १९७७ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांनी ती पुढे मांडली. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने १९७९ मध्ये नमुना तयार केला, आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी राजकीय पक्षांपुढे त्याचे प्रात्यक्षिक झाले. पुढे बंगळुरूची बीईएलही या कामात आली. १९ मे १९८२ रोजी केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात पन्नास मतदान केंद्रांवर यंत्रे लावली गेली. सिवन पिळ्ळै १२३ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार ए. सी. जोस न्यायालयात गेले, आणि ५ मार्च १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्यात मतपत्रिकेची पद्धत सांगितली आहे, ती बदलण्याचा अधिकार आयोगाला नाही. पन्नास केंद्रांवर कागदाने फेरमतदान झाले, आणि जोस जिंकले. या निकालात यंत्र बिघडले असे कुठेही म्हटलेले नव्हते. प्रश्न अधिकाराचा होता.

योगायोग असा की त्याच १९८४ च्या ऑगस्टमध्ये, युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांचे ट्युरिंग पुरस्काराचे भाषण प्रसिद्ध झाले. त्यांनी एक अस्वस्थ करणारी युक्ती दाखवली. मानवी भाषेसारख्या सोर्स कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्येच चोरवाट पेरली, तर सोर्स कोड कितीही वाचला तरी ती सापडत नाही. कंपायलरचा स्वतःचा सोर्स कोडही निर्मळ दिसतो, कारण चोरवाट आता फक्त त्याच्या तयार प्रतीत उरलेली असते आणि तीच पुढच्या प्रतीत आपली आपण उतरते. म्हणजे खुला सोर्स कोड वाचून 'हा कोड चांगला आहे' एवढेच म्हणता येते. समोरच्या चिपमध्ये तोच कोड आहे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गिटजवळ नाही. टपरीवरच्या मतातील पहिली फट ती हीच.

संसदेने डिसेंबर १९८८ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घालून यंत्राला वाट करून दिली. ते कलम १५ मार्च १९८९ पासून लागू झाले. त्यानंतर एस. संपत यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने एप्रिल १९९० मध्ये यंत्र सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. यंत्राला आजचे रूप देण्यात आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचे नाव घेतले जाते. निरक्षर मतदारालाही चिन्हाशेजारचे बटण दाबताना अडखळायला होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. यंत्र कसे दिसावे हा विषय सहसा उपेक्षित राहतो, पण या यंत्राच्या स्वीकारात त्या निळ्या बटणाचा वाटा लहान नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि दिल्ली येथील सोळा विधानसभा मतदारसंघांत त्याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच होती. छत्तीसगड राज्य झाले १ नोव्हेंबर २००० रोजी. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व ५४३ मतदारसंघांत सुमारे पावणेअकरा लाख यंत्रे वापरली गेली.

आता या यंत्राच्या आज्ञावलीकडे पाहावे. तिच्या रचनाकारांनी व्हर्जन कंट्रोलच्या नेमकी उलट वाट धरली. प्रोग्रामरचे जग बदलाला मान्यता देते आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. मतदान यंत्राच्या जगाने बदलच नको असे ठरवले. आज्ञावली एकदा चिपमध्ये कोरायची आणि पुन्हा तिला हात लावायचा नाही. यंत्राला जाळे नाही, वायरलेस नाही, दुरून येणारे अद्ययावतीकरण नाही. आवृत्ती बदलायची तर यंत्रच नवे: २००६ पर्यंतचे एम-१, पी. व्ही. इंदिरेसन यांच्या समितीच्या शिफारशींनंतर आलेले एम-२. २०१३ नंतरचे एम-३. एम-३ मध्ये भाग उघडल्यास यंत्र निकामी होण्याची आणि कंट्रोल युनिट, बॅलट युनिट आणि चिठ्ठीयंत्र यांनी परस्परांची ओळख पटवण्याची सोय आली. चोवीस बॅलट युनिट एकमेकांना जोडता येऊ लागली. २०१९ मध्ये तेलंगणातील निजामाबादेत १८५ उमेदवार उभे राहिले, तेव्हा बारा युनिट ओळीने मांडावी लागली होती.

दुसरी ढाल गणिताची आहे. आज्ञावली कोरली जाते तेव्हा कोणत्या मतदारसंघात कोणता उमेदवार कितव्या क्रमांकावर येणार, हे कोणालाच ठाऊक नसते. क्रमवारी अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर ठरते. यंत्रे संगणकीय सोडतीने आधी मतदारसंघांत आणि मग केंद्रांत वाटली जातात. मतदानाच्या सकाळी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांची चाचणी होते. लबाडी करणाऱ्याला आंधळेपणाने लबाडी करावी लागते.

ही तटबंदी भक्कम आहे, बिनछिद्र नाही. २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रोप गॉनग्राइप यांनी एक खरे एम-१ काळातील यंत्र उघडून तपासले. ते यंत्र मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातील असल्याचे निष्पन्न झाले. चोरीच्या तक्रारीवरून मुंबई पोलिसांनी प्रसाद यांना ऑगस्टमध्ये अटक केली, आठवडाभरात जामीन झाला, आणि ऑक्टोबरात त्यांचा शोधनिबंध शिकागोच्या परिषदेत वाचला गेला. यंत्र हाताशी लागल्यास निकालाचा फलक बदलून खोटे आकडे दाखवता येतात, आणि स्मृतीच्या चिपवर छोटे उपकरण चिमट्यासारखे लावून साठवलेली मते बदलता येतात, हे त्यांनी दाखवले. आयोगाचे उत्तर असे होते की यंत्र कधीच असे एकटे आणि निवांत सापडत नाही. ते मोहोर, पहारा आणि प्रतिनिधी यांच्या गराड्यात असते. दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या होत्या.

त्या निबंधातील एक बाब मात्र पुरेशी चर्चिली गेली नाही. यंत्राच्या स्मृतीत मते ज्या क्रमाने पडली त्याच क्रमाने लिहिलेली होती. मतदान केंद्रात एक नोंदवही असते, नमुना १७-अ. त्यात मतदार ज्या क्रमाने आले तो क्रम आणि सही किंवा अंगठा असतो. या दोन याद्या शेजारी ठेवल्या की कोणी कोणाला मत दिले ते उघडे पडते. टपरीवरच्या मतातील दुसरी, अधिक खोल फट इथे आहे. गिटमध्ये प्रत्येक ओळीपाशी 'हे कोणी लिहिले' असे विचारता येते, आणि त्यामुळेच गिट विश्वासार्ह ठरते. मताबाबत तोच प्रश्न विचारता येणे म्हणजे गुप्त मतदानाचा अंत. कोडची नोंद पूर्ण हवी. मताची नोंद हवी, पण माणसापासून कायमची तोडलेली. हिशेब तपासता यावा आणि खातेदार मात्र ओळखता येऊ नये, असा जमाखर्च जगातील दुसऱ्या कोणत्याही कचेरीत ठेवावा लागत नाही.

यातून वाट काढणारी संकल्पना २००६ मध्ये रॉन रिव्हेस्ट आणि जॉन वॅक यांनी मांडली. आरएसए या सांकेतिक लेखनपद्धतीतील 'आर' तो याच रिव्हेस्ट यांचा. त्यांचे सूत्र असे की आज्ञावलीतील न सापडलेली चूक निकालात न सापडणारा बदल घडवू शकत नसेल, तरच मतदानपद्धत आज्ञावलीपासून स्वतंत्र मानावी. म्हणजे कोड चांगला आहे की नाही यावर वाद घालण्याऐवजी, कोड बिघडला तरी ते कळेल अशी सोय करावी. त्यासाठी मतदाराने डोळ्यांनी पाहिलेला कागद हवा. जर्मनीच्या घटना न्यायालयानेही ३ मार्च २००९ रोजी तिथली मतदान यंत्रे घटनाबाह्य ठरवली. तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही मोजणीचे मुख्य टप्पे तपासता आले पाहिजेत, हे त्याचे कारण. भारतात सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन पोटनिवडणुकीत व्हीव्हीपॅट प्रथम वापरले गेले, आणि ८ ऑक्टोबर २०१३ रोजी सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही सोय टप्प्याटप्प्याने सर्वत्र आणण्यास सांगितले. सात सेकंद काचेमागे दिसून पेटीत पडणारी ती चिठ्ठी २०१९ पासून लोकसभेच्या प्रत्येक केंद्रावर आहे.

कागद आला, पण त्यासोबत एक विचित्र गोष्टही आली. चिठ्ठीवर नाव आणि चिन्ह छापायचे, तर ती माहिती निवडणुकीपूर्वी चिठ्ठीयंत्रात भरावी लागते. कारखान्याबाहेर पडल्यावर काहीही आत जाणार नाही, हा जुना बाणा इथे थोडा सैल झाला. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, परंतु चिन्हे भरणारी उपकरणे मोहोरबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपण्याचा आदेश दिला. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागितल्यास विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या कोरलेल्या आज्ञावलीची तपासणी करण्याचीही तरतूद केली. चिपमध्ये तोच कोड आहे ना, हा थॉम्प्सन यांचा प्रश्न चाळीस वर्षांनी भारतीय न्यायालयाच्या आदेशात शिरला.

उरतो तो किती चिठ्ठ्या मोजायच्या हा प्रश्न, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने खरे रेंगाळावे ते इथे. २०१९ मध्ये आयोगासाठी अभय भट, राजीव करंदीकर आणि ओंकार घोष या संख्याशास्त्रज्ञांनी अहवाल दिला की देशभरातून यादृच्छिक निवडलेली ४७९ यंत्रे पुरतील. हिशेब पाठकोऱ्या कागदावर करता येतो. दोन टक्के यंत्रे सदोष असतील, तर एक यंत्र निर्दोष निघण्याची शक्यता ०.९८, ४७९ वेळा सलग निर्दोष निघण्याची शक्यता ०.९८ चा ४७९ वा घात, म्हणजे सुमारे ०.००००६. दोष निसटण्याची शक्यता लाखात सहा. गणितात खोट नाही. पण हा हिशेब साऱ्या देशाला एकच मतपेटी मानतो, आणि निवडणूक मात्र ५४३ ठिकाणी स्वतंत्रपणे होते. एकवीस विरोधी पक्षांनी निम्म्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी केली. न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी प्रत्येक विधानसभा क्षेत्रामागे पाच यंत्रे ठरवली.

दुर्ग लोकसभा मतदारसंघात भिलाईनगर आणि वैशालीनगर धरून नऊ विधानसभा क्षेत्रे आहेत. म्हणजे ४५ यंत्रे. तिथली दोन टक्के यंत्रे सदोष असली, तर एकही न सापडण्याची शक्यता ०.९८ चा ४५ वा घात, सुमारे ४० टक्के. विधानसभेत चित्र याहून तंग. २०२३ च्या छत्तीसगड निवडणुकीत कांकेरचा निकाल १६ मतांनी लागला आणि अंबिकापूरचा ९४ मतांनी. एका यंत्रात कित्येक शे मते असतात, तेव्हा एवढे अंतर एकाच यंत्रातील दोषानेही उलटू शकते. मतदारसंघात अडीचशे केंद्रे धरली, तर पाच यंत्रांच्या सोडतीत ते एक यंत्र येण्याची शक्यता दोन टक्के.

याचा अर्थ तिथे दोष होता असा मुळीच नाही. कोट्यवधी चिठ्ठ्या मोजूनही एकाचे मत दुसऱ्याला गेल्याचे आढळलेले नाही, असे आयोग सांगतो, आणि न्यायालयानेही ते विचारात घेतले. मुद्दा तपासणीच्या मापाचा आहे. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००८ च्या सुमारास मांडलेल्या आणि कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून राज्यभर राबवलेल्या पद्धतीत किती कागद मोजायचे हे विजयाच्या अंतरावर ठरते. अंतर मोठे असेल तर थोडे, निसटते असेल तर पुष्कळ, वेळ पडल्यास सगळे. वैद्य तापाचा जोर पाहून मात्रा ठरवतो, तसे हे.

सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या गावकऱ्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये कागदावर गावापुरते फेरमतदान घेण्याचा घाट घातला आणि प्रशासनाने तो रोखला, तेव्हा राज्यभर चर्चा झाली ती अधिकाराची आणि पोलिसांची. फेरमतदानाने मूळ मत तपासता येत नाही, कारण त्या दिवशीचे मत आणि मतदार यांचा दुवा तोडलेला असतो. तो तोडलेला राहावा हीच तर गुप्ततेची अट. त्या केंद्राचा खरा पुरावा मतदारांनी स्वतः काचेमागे पाहिलेल्या चिठ्ठ्यांचा, आणि त्या तर आधीच पेटीत पडलेल्या होत्या. चिठ्ठ्यांच्या मोजणीसाठी अर्ज करण्याची सोय निवडणूक नियमांतील ५६-ड मध्ये आहे. मंजुरी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती असते.

मोजणीची शेवटची फेरी संपली की प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांसाठी चिठ्ठ्या टाकून सोडत काढली जाते. पहिल्या दोन उमेदवारांतील अंतर सोळा मतांचे असो की साठ हजारांचे, निवडायच्या केंद्रांचा आकडा पाचच.